मेमरी शिल्लक आहे, खरं कर्नल पानं देईना

उद्यमबाग_कोअर
मंडळी, नमस्कार. अडलोय म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कास्टिंग तपासायचं काम घेतलंय. बेल्टवरून कास्टिंग येतं, वर कॅमेरा, फोटो काढायचा आणि ब्लोहोल किंवा भेग दिसली तर माल बाजूला ढकलायचा. कॅमेऱ्याचं कार्ड जुनं. त्याचा मूळ ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) लिनक्सच्या नव्या कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चढत नाही, म्हणून मीच लिहिला. फोटो २०४८ बाय १५३६, काळापांढरा, एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे बरोबर ३ एमबी. कार्डाला सलग मेमरी लागते, म्हणून कर्नलकडून सलग पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) मागून असे आठ बफर, म्हणजे फोटो उतरवायच्या जागा, घेतो. शिफ्ट संपली की कॅमेरा बंद आणि बफर परत. पुढची शिफ्ट आली की पुन्हा मागणी.

सोमवारी मशीन चालू केलं की बुधवारपर्यंत झकास. गुरुवारी दुपारच्या शिफ्टला डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'पेज ॲलोकेशन फेल्युअर, ऑर्डर १०' आणि कॅमेरा उठत नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा तीन-चार दिवस सुखाचे. रॅम ८ जीबी, कर्नल ५.१०. फ्री कमांड सांगते सहाशे एमबी मोकळी, कॅशे (डिस्कवरून वाचून तात्पुरतं ठेवलेलं) धरून उपलब्ध चार जीबीच्या वर. मला हव्यात २४ एमबी!

सुपरवायझर रोज विचारतो, "सायेब, जागा हाय म्हणता, मग देईना का?" माझ्याकडे उत्तर नाही. कर्नलचं पानवाटपच सुधारायचा काही मार्ग आहे का? सेटिंग, पॅच, काहीही चालेल.

खानापूरकर
रॅम १६ कर, विषय संपला. आमच्या दुकानात मी तसंच केलो.

मांडे_कुंदा
शीर्षक वाचून वाटलं कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याने उधारी बंद केली.

चिकोडीचे_मास्तर
खानापूरकर, जरा थांबा. प्रश्न किती मेमरी आहे हा नाही, ती कशी पडली आहे हा आहे.

एक पान ४ केबीचं. कर्नल मोकळ्या पानांचे गठ्ठे दुपटीने बांधतो: १, २, ४, ८ असं करत १०२४ पर्यंत. गठ्ठ्याची पायरी म्हणजे ऑर्डर. ऑर्डर ० म्हणजे एक पान, ऑर्डर १० म्हणजे १०२४ पानं, ४ एमबी. लहान गठ्ठा हवा असेल आणि तो नसेल तर मोठा फोडून दोन भाऊ करायचे, एक द्यायचा, एक ठेवायचा. दिलेला परत आला आणि त्याचा भाऊ मोकळा असेल तर दोघांना जोडून पुन्हा मोठा गठ्ठा. याला बडी पद्धत म्हणतात. नोल्टन यांनी १९६५ मध्ये ती छापली, आणि लिनक्सचं पानवाटप आजही तिच्यावरच उभं आहे.

यात एक गोम आहे, ती आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. आजोबांची सोळा गुंठे जमीन, ० ते १५ नंबर. दोन मुलांना आठ-आठ. चार नातवांना चार-चार: त्यांचे तुकडे ०, ४, ८ आणि १२ ला सुरू होतात. आता ४ वाला आणि ८ वाला यांचा बांधाला बांध लागून आहे. दोघांच्या जमिनी पडीक. तरी जोडता येत नाहीत, कारण ते चुलत भाऊ. ४ चा सख्खा भाऊ ०, आणि ८ चा सख्खा १२. सख्खे भाऊ आधी एक झाले पाहिजेत, मगच वरची वाटणी जुळणार. कर्नलला भाऊ ओळखायला वंशावळ लागत नाही. पानाच्या नंबरातला त्या ऑर्डरचा एक बिट उलटा केला की भावाचा नंबर हातात. जोडणी झपाट्याने होते ती या कडक नियमामुळेच, आणि शेजारी मोकळा असून वाया जातो तोही यामुळेच.

प्रोकमधली बडीइन्फो दाखव, कोणत्या ऑर्डरचे किती गठ्ठे मोकळे ते तिथे दिसतं. त्याशिवाय बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध.

उद्यमबाग_कोअर
मास्तर, ही आजची गुरुवारची, रीस्टार्टच्या आधीची. कर्नल मेमरीचे पत्त्यांप्रमाणे झोन पाडतो, त्यातल्या नॉर्मल झोनची ओळ, ऑर्डर ० पासून १० पर्यंत:

४१२१० | १८८७३ | ६१२० | ९४२ | ८७ | ११ | २ | ० | ० | ० | ०

शहापूरचा_माग
हिशेब मांडला. सगळं मिळून ४४० एमबी भरतात, त्यातले ३०० एमबीच्या वर एक-दोन पानांच्या चिंध्या. सगळ्यात मोठा तुकडा २५६ केबीचा. आमच्या वडगाव-शहापुरात मागावर उरलेल्या सुताला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. किलोने भरपूर, पण एक पातळ निघायचं नाही.

आणि तुझ्या मागणीतच एक छिद्र आहे. ३ एमबी म्हणजे ७६८ पानं. दुपटीच्या हिशेबात ७६८ चा गठ्ठाच नसतो, म्हणून १०२४ चा घ्यावा लागतो. दर बफरला २५६ पानं, म्हणजे १ एमबी, तू मागून नुसतीच धरून बसतोस. आठ बफरना २४ नाही, ३२ एमबी. शिवाय ऑर्डर १० ही शिडीची शेवटची पायरी. त्याच्या वर मागायलाही येत नाही.

निपाणीवाला
एवढं डोकं कशाला लावालायसा? रात्री दोनला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा, ड्रॉप_कॅशेस मध्ये ३ टाका, कॅशे साफ. आमच्याकडं तंबाखूच्या वखारीचा हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरला वर्षभर तसंच चाललंय.

टिळकवाडी_ताई
निपाणीवाले, वर्षभर चाललं म्हणजे बरोबर आहे असं नाही. कॅशे टाकल्यावर सकाळी पहिला अर्धा तास सगळं डिस्कवरून पुन्हा वाचलं जातं, ते कोणी मोजत नाही. आणि कॅशेची पानं गेली तरी मधे मधे रुतलेली पानं जात नाहीत.

रुतलेली म्हणजे काय ते सांगते. सगळी पानं सारखी नसतात. प्रोग्रामची पानं हलवता येतात: मजकूर दुसरीकडे ठेवायचा, पेज टेबलमधला (कोणतं पान कुठे त्याच्या नोंदवहीतला) पत्ता बदलायचा, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. पण कर्नलने स्वतःसाठी घेतलेली बरीचशी पानं हलत नाहीत, कारण त्यांचा पत्ता थेट वापरात असतो. असं एक पान ४ एमबीच्या मधोमध बसलं की तो अख्खा पट्टा ऑर्डर १० साठी मेला. म्हणून जानेवारी २००८ च्या २.६.२४ पासून कर्नल हलणारी आणि न हलणारी पानं वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवायचा प्रयत्न करतो. आपल्या नेहमीच्या पीसीवर असा पट्टा २ एमबीचा. 'प्रयत्न' म्हणाले, कारण जागा संपली की एक गट दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसतो, आणि एकदा घुसलेला लवकर निघत नाही.

२०१० मध्ये २.६.३५ ला कॉम्पॅक्शन आलं, म्हणजे पानं हलवून मोकळी जागा सलग करणं. एक जण झोनच्या खालच्या टोकाकडून हलणारी पानं गोळा करत वर येतो, दुसरा वरच्या टोकाकडून मोकळी जागा शोधत खाली येतो, दोघं भेटले की फेरी संपली. लगेच करून हवं असेल तर कॉम्पॅक्ट_मेमरी मध्ये १ लिहून बघ. पण ऑर्डर ३ च्या वरची मागणी कर्नलच्या लेखी 'महागडी'. तिच्यासाठी तो थोडी धावपळ करतो आणि सरळ हात वर करतो. एका पानासाठी मात्र तो शेवटी एखादा प्रोग्राम मारायलाही मागेपुढे बघत नाही.

पुणेरी_पाहुणा
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण 'मी केलो'? 'मी केलं' ना?

खानापूरकर
आम्ही केलो, आम्ही सांगितलो, आम्ही जेवलो. इथे कन्नड आणि मराठी एकाच ताटात जेवतात. तुमचं पान वेगळं वाढलंय, आमच्यात हात घालू नका.

मांडे_कुंदा
एका कॉमेंटमध्ये पान, ताट, वाटप सगळं आणलास. बक्षीस म्हणून पाव किलो कुंदा.

चिकोडीचे_मास्तर
विषयांतर चाललंच आहे तर मीही करतो. ताईंचं 'पट्टे' वाचून तुकडेबंदीचा कायदा आठवला. मुंबई प्रांताचा १९४७ चा. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता, १९५६ ला म्हैसूरकडे गेला. कायद्याचा हेतू तोच: तुकडे पाडू नका, विखुरलेले एकत्र करा. एकत्रीकरणाला लोकांचा विरोध का व्हायचा? एकाची विहीर, एकाचं आंब्याचं झाड, एकाच्या बापाची समाधी. ती हलत नाही. ताईंच्या भाषेत अनमूव्हेबल. बाकी सगळी जमीन अदलाबदल करायला तयार, पण मधे एक समाधी!

निपाणीवाला
मास्तर, ह्ये पटलं. माझं क्रॉन मागं घेतो. (पण काढत न्हाई.)

घटप्रभा_काठ
मेमरी मागायला कर्नलचं केव्हीमॅलॉक फंक्शन वापर की. सलग मिळालं तर घेतं, नाहीतर सुटी पानं घेऊन पत्त्यात सलग करून देतं. ४.१२ पासून आहे.

टिळकवाडी_ताई
इथे नाही चालणार. ते सलग दिसतं फक्त प्रोसेसरला, मधे पेज टेबल आहे म्हणून. कॅमेऱ्याचं कार्ड थेट मेमरीत लिहितं, त्याला खरा पत्ता लागतो. मशीनमध्ये आयओएमएमयू असेल आणि चालू असेल तर तो कार्डासाठी तेच काम करतो. उद्यमबाग, आहे का?

आणि एक. कार्ड जुनं म्हणतोस, म्हणजे ३२ बिट पत्त्याचं असेल?

उद्यमबाग_कोअर
हो ताई, ३२ बिटच. म्हणून मागताना डीएमए३२ चा फ्लॅग लावतो. आयओएमएमयू या बोर्डवर नाही, बायोस पिंजून काढला.

टिळकवाडी_ताई
मग तू तीन दिवस आम्हाला चुकीची ओळ दाखवलीस, आणि आम्ही शहाणे तिचा हिशेब करत बसलो!

३२ बिट कार्डाला ४ जीबीच्या वरचं पान दिसतच नाही. तुझी मागणी नॉर्मल झोनकडे जातच नाही, डीएमए३२ कडे जाते. ती ओळ दे.

उद्यमबाग_कोअर
चुकलो. ही घ्या, त्याच वेळची:

९१२० | ५२१० | २२०४ | ६१० | १४३ | ३८ | ९ | ३ | १ | ० | ०

शहापूरचा_माग
१४८ एमबी मोकळे, सगळ्यात मोठा तुकडा १ एमबी. तुला हवा चारचा. चित्र तेच, गल्ली दुसरी.

टिळकवाडी_ताई
गल्ली दुसरी असल्याने एक गोष्ट बदलते. खानापूरकरांचा रॅम १६ चा उपाय. नवी रॅम सगळी ४ जीबीच्या वर जाऊन बसेल. डीएमए३२ झोन एका पानानेही वाढणार नाही. अगदीच व्यर्थ म्हणत नाही मी. साधी मागणी कर्नल आधी नॉर्मलमधून भागवतो, तिथे ऐसपैस असलं की खालच्या झोनवर गर्दी कमी होते. गुरुवारचा रविवार होईल.

खानापूरकर
बरं. माझे पैसे वाचले की तुझे ते कळेना, खरं वाचले.

बेंगळुरूत_अडकलोय
उशिरा आलो. मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला कोणी हात लावला नाही: वाटपच सुधारता येईल का? लोक ते सतत करतच आहेत, पण कुठे करतात ते बघण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त मागणी एका पानाची असते. म्हणून प्रत्येक कोअरजवळ सुट्या पानांची छोटी थप्पी ठेवलेली असते, दर वेळी झोनचं कुलूप उघडायला लागू नये म्हणून. ५.१४ मध्ये त्या थप्पीत ऑर्डर ३ पर्यंतचे गठ्ठेही ठेवायला सुरुवात झाली, आणि एका फेरीत बरीच पानं घाऊक मागायची सोय त्याच्या आधीच्या ५.१३ मध्ये आली. नेटवर्कवाल्यांना त्याचा उपयोग. ५.९ मध्ये प्रोॲक्टिव्ह कॉम्पॅक्शन आलं, मागणी यायच्या आधीच पार्श्वभूमीला आवराआवर. ६.१ मध्ये एमजीएलआरयू आलं, पण त्याचं काम वाटप नव्हे, कोणती पानं आधी परत घ्यायची हे ठरवणं. परत घेणं शहाणपणाने झालं की वाटपाची ओढाताण आपोआप कमी.

तुझ्या ५.१० मध्ये कॉम्पॅक्शन_प्रोॲक्टिव्हनेस आहे, मूळ किंमत २०. वाढवून बघ. पण ते २ एमबीचे तुकडे डोळ्यापुढे ठेवून काम करतं, तुला हवे चारचे. वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर १० असतो, तो वाढवला की केस्वॅपडी (पानं परत गोळा करणारा कर्नलचा गडी) लवकर जागा होतो आणि जास्त पानं मोकळी ठेवतो. कोणतंही बटण फिरवायच्या आधी व्हीएमस्टॅटमधले कॉम्पॅक्ट_स्टॉल आणि कॉम्पॅक्ट_फेल (कॉम्पॅक्शनसाठी किती वेळा थांबावं लागलं, किती वेळा ते फसलं) हे दोन आकडे लिहून ठेव. आमच्याकडे लोक आधी फिरवतात, मग मोजतात, आणि मग सगळ्या सुधारणा स्वतःच्या नावावर लावतात.

ता.क. कोड वाचलास तर मॅक्स_ऑर्डर बघून गोंधळशील. तुझ्या आवृत्तीत ती ११ आहे आणि सर्वात मोठी ऑर्डर १०. ६.४ पासून तीच १० झाली.

निपाणीवाला
मोठ्या पानांचा विषय निघाला म्हणून सांगतो, इथं मी खरंच काहीतरी बरोबर केलंय. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडं पोस्टग्रेस डेटाबेस, शेअर्ड बफर (सगळ्या कनेक्शनची सामाईक मेमरी) ४ जीबी, दोनशे कनेक्शन. रॅम कुठं जायची कळायचं न्हाई. मग बसून हिशेब केला. ४ जीबी म्हणजे ४ केबीची १०,४८,५७६ पानं. एका पानाच्या नोंदीला ८ बाइट, म्हणजे एका प्रोसेसचं पेज टेबल ८ एमबी. प्रत्येक कनेक्शन एक प्रोसेस, दोनशेंनी सगळी मेमरी फिरून बघितली की १.६ जीबी नुसत्या नोंदवह्या! २ एमबीची पानं बूटलाच राखून ठिवली, नोंदी २०४८ वर आल्या, टेबल १६ केबी. तवापास्नं गप.

टिळकवाडी_ताई
शाब्बास. 'बूटलाच' हा शब्द अधोरेखित करते. मशीन ताजं असतं तेव्हा ४ एमबीचे तुकडे रग्गड असतात.

उद्यमबाग, तुझी खरी चूक मला वाटतं शिफ्ट बदलताना बफर परत करण्यात आहे. सोमवारी मिळाले होते ना आठ? मग सोडलेस का? ड्रायव्हर चढताना घे आणि मशीन बंद होईपर्यंत धरून ठेव. ८ जीबीत ३२ एमबी कोणी विचारत नाही. नाहीतर बूटला सीएमए चा पट्टा राखून ठेव, तिथे एरवी हलणारी पानं राहतात आणि तू मागितलंस की जागा खाली करतात.

बेंगळुरूत_अडकलोय
ताई, धरून बसणं म्हणजे पॅसेंजरमध्ये रुमाल टाकून जागा पकडणं. उद्या तीन कॅमेरे झाले तर?

टिळकवाडी_ताई
तीन झाले तर ९६ एमबी. रुमालच. पण गुरुवारी गाडी सुटते त्याचं काय? फौंड्रीला सुंदर कोड नको, चालू कॅमेरा हवा.

बेंगळुरूत_अडकलोय
मान्य, आजच्यापुरतं. मी मात्र कार्डाचं मॅन्युअल उघडलं असतं. इतकी जुनी कार्डंसुद्धा बऱ्याचदा विखुरलेल्या पत्त्यांची यादी घेतात. तसं असेल तर सलग मागायचंच कारण उरत नाही.

मांडे_कुंदा
मॅन्युअल वाचायचा सल्ला! या धाग्यावर! ताबडतोब निषेध.

उद्यमबाग_कोअर
बारा दिवसांनी येतोय, माफ करा. गणपती होते, फौंड्रीही बंद होती.

आधी ताईंचं केलं. बफर ड्रायव्हर चढतानाच घेतले, शिफ्टला सोडायचं बंद. दोन ओळी काढल्या फक्त. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, काही नाही.

मग बेंगळुरूवाल्यांचं टोचत राहिलं म्हणून मॅन्युअल काढलं. स्कॅन केलेलं, अर्धी पानं तिरकी. मागच्या परिशिष्टात एक 'चेन मोड' सापडला, जो जुन्या ड्रायव्हरने कधी वापरलाच नव्हता. कार्डाला पत्त्यांची साखळी द्यायची, प्रत्येक कडी १६ बाइटची. एका फोटोला ७६८ सुटी पानं, साखळी १२ केबीची, म्हणजे तीन पानं, ऑर्डर २ मध्ये बसते. माझी सगळ्यात मोठी सलग मागणी १०२४ पानांवरून ४ वर आली. १ एमबीची उधळपट्टीही गेली. पानं डीएमए३२ मधूनच घ्यावी लागतात, ते सुटलं नाही.

आज गुरुवार. मुद्दाम बडीइन्फो बघितली. डीएमए३२ ची ओळ पूर्वीइतकीच फाटकी, ऑर्डर ९ आणि १० शून्य. कॅमेरा चालू आहे. सुपरवायझरला सांगितलं की आता एक-एक पान मागतो म्हणून देतो. तो म्हणाला, "ते आधीच मागायचं की!"

शहापूरचा_माग
चिंध्यांची गोधडी झाली म्हण की.

टिळकवाडी_ताई
छान. चेन मोडची शेवटची कडी नीट बंद केलीस ना? तिथे शेवटची खूण लावायची राहून गेली तर कार्ड पुढच्या भलत्याच पत्त्यावर फोटो लिहीत सुटेल, आणि मग जो धागा काढशील त्याला मी उत्तर देणार नाही.

उद्यमबाग_कोअर
...बघून येतो.

मांडे_कुंदा
कुंदा अर्धा किलो सांगितला होता, थांबवू का दुकानदाराला?